बाबा यागाला मारायचं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ; आमच्या त्या टेबलावर येणारा प्रत्येक नवा गडी हे विचारतोच. माझं उत्तर ठरलेलं: मारायचं नसतं, तिच्याशी बोलायचं असतं.

ही रशियन लोककथांतली म्हातारी. झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी, कुंपण माणसांच्या हाडांचं. उखळात बसून मुसळानं हाकत उडते, मागचा माग झाडूनं पुसत जाते. लोककथा गोळा करणाऱ्या अफनास्येवनं एकोणिसाव्या शतकात छापलेल्या कथांत वासिलिसा नावाची पोर तिच्याकडे विस्तव मागायला येते. यागा तिला राबवते: अंगण झाड, स्वयंपाक कर, खसखशीतली माती निवड, चुकलीस तर खाईन. आईनं मरताना दिलेली बाहुली पोरीला तारते. मग यागा म्हणते, विचार काय ते, पण फार जाणलंस तर लवकर म्हातारी होशील. वासिलिसा वाटेत दिसलेल्या तीन घोडेस्वारांबद्दल विचारते. पांढरा म्हणजे दिवस, तांबडा सूर्य, काळा रात्र. घरात हवेतून प्रकटणाऱ्या हातांच्या तीन जोड्या तिनं पाहिलेल्या असतात, त्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. "बाहेरचंच विचारलंस ते बरं केलंस," यागा म्हणते. घरातलं बाहेर गेलेलं तिला खपत नाही.

हा प्रसंग मला कुठल्याही लढाईपेक्षा थरारक वाटतो. खेळांनी मात्र आधी झोपडीच उचलली. 1979च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात, ती जादुई वस्तूंच्या यादीत आहे. 1984मध्ये याच खेळाच्या ड्रॅगन मासिकात तिच्यावर साहस, म्हणजे खेळायला तयार गोष्ट, आलं, 1995मध्ये अख्खं पुस्तक. आतून अफाट मोठं घर, म्हणजे लुटायला आणखी खोल्या! पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या 2013च्या 'रेन ऑफ विंटर' या साहसमालिकेनं मला जास्त पटेल असं केलं. तिथे यागाच गायब आहे आणि पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, तिला सोडवायचंय. त्यासाठी थेट 1918च्या रशियात जाऊन झारच्या दरबारातला गूढ साधू रास्पुतीन याच्याशी भिडायचं, आणि तो निघतो तिचाच मुलगा.

माझ्या टेबलावर नियम साधा आहे. यागा खरंच उत्तर देते, पण पहिल्या प्रश्नाला पात्राचं एक वर्ष जातं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, असं दुप्पट. एका पठ्ठ्याचा विशीतला योद्धा पाच प्रश्नांत पन्नाशी ओलांडून बसला. पुढचं अख्खं कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चाललेली ती गोष्ट संपेपर्यंत, तो प्रत्येक चढाला गुडघे धरून कण्हायचा, फासे न टाकताच.