पाळीची तारीख लिहा, मगच रक्त घेऊ

पाळी वेळेवर येत नाही अशी तक्रार घेऊन जी बाई रुग्णालयात जाते, तिच्याकडे तपासणीचा कागद सर्वांत आधी शेवटच्या पाळीची तारीख मागतो. ही मागणी वैद्यकीयदृष्ट्या रास्त आहे, हे मला मान्य आहे. पण त्या एका रकान्यापायी माझ्या तपासण्या जितक्या रखडल्या, त्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि हा अनुभव मुख्यतः त्या रागापोटीच लिहीत आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका शाळेत शिकवते. पाळी दोन-दोन, कधी तीन-तीन महिने येत नसे, हनुवटीवर राठ केस दिसू लागले होते, आणि खाण्यापिण्याकडे लक्ष देऊन उतरवत आणलेले वजन एका आकड्यावर येऊन अडले होते. लग्न झाले की सगळे आपोआप सुरळीत होईल, यावर घरात एकमत होते. मावशीने तेवढ्यासाठी एक स्थळही हेरून ठेवले होते. सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र पहिल्याच भेटीत सगळे शांतपणे ऐकून घेतले. दोन पाळ्यांमधले अंतर २१ ते ३५ दिवसांचे असावे, ९० दिवसांहून अधिक खंड वारंवार पडू देऊ नये, कारण तेवढा काळ गर्भाशयाचे अस्तर न झडता जाड होत राहते आणि पुढे ते धोक्याचे ठरू शकते, असे त्यांनी समजावून सांगितले. लक्षणे पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, वाटत होती, पण थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) यांचा दोष नाही ना, हे आधी पाहायचे होते. म्हणून एफएसएच आणि एलएच (अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके), थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि साखर अशी यादी त्यांनी एकाच कागदावर लिहिली आणि खाली शेरा मारला: पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

तो कागद घेऊन मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाईंनी रिकाम्या रकान्यावर पेन टेकवून सांगितले, ‘बाय, तारीख ना जाल्यार फॉर्म घेवपाक जायना.’ मला आठवत होती ती तारीख मी सांगितली. त्यांनी समोरच्या कॅलेंडरची पाने मागे उलटली, बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, आणि आज दुसरा दिवस नव्हे, दोन महिने उलटून गेले आहेत, असे मलाच ऐकवले. तीच तर माझी तक्रार आहे, असे मी म्हणाले. त्यावर ‘पाळी आली की या’ हे उत्तर मिळाले, आणि माझ्या मागची बाई पुढे सरकली.

पाळी आली ती शनिवारी संध्याकाळी. रविवारी नमुने घेत नाहीत, सोमवारी कसली तरी सुट्टी होती, आणि मंगळवारी सकाळी उपाशीपोटी कदंब महामंडळाची पहिली बस धरून मी पोहोचले, तेव्हा चौथा दिवस लागला म्हणून कागद पुन्हा परत आला. तेव्हा निदान एवढे तरी डॉक्टरांच्या कानावर घालावे म्हणून केसपेपरच्या रांगेत उभी राहिले, तर तिथे कळले की माझी पुढची भेट ‘रिपोर्टसह’ अशी नोंदलेली आहे आणि रिपोर्ट हाती नसताना नंबर मिळणार नाही. म्हणजे पाळीशिवाय रक्त घेणार नाहीत, रक्ताच्या अहवालाशिवाय डॉक्टर भेटणार नाहीत, आणि डॉक्टरांच्या औषधाशिवाय पाळी काही येणार नाही. त्या दिवशी बाकावर बसून मी पर्समधली दोन बिस्किटे खाल्ली आणि घरी परतले, कारण भांडायचे म्हटले तरी कोणाशी, हेच उमगेना. प्रत्येक खिडकी आपापल्या परीने नियमानेच वागत होती.

हा गुंता शेवटी बाह्यरुग्ण विभागाच्या दारावरच्या सिस्टरनी सोडवला. त्यांनी माझा कागद वाचला, मला थांबायला सांगितले आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तो आत नेला. डॉक्टर बाईंनी यादीचे दोन कागद केले. टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि साखर एका कागदावर, त्यावर ठळक अक्षरात ‘कोणत्याही दिवशी’. एफएसएच आणि एलएच दुसऱ्यावर. त्याच खिडकीने तो पहिला कागद दुसऱ्या सकाळी एक शब्दही न बोलता घेतला. ज्या तपासण्यांना पाळीच्या दिवसाची अटच नव्हती, त्या मी इतके आठवडे विनाकारण लांबवत होते. ज्यांची पाळी महिनोन्‌महिने येत नाही, त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून यादीची अशी फोड करून घ्यावी, एवढे एकच या लेखातून कोणी उचलले तरी मला पुरे आहे.

नंतर मी वाचले, त्याने तर अधिकच चरफडले. पीसीओएसचे निदान २००३ सालच्या रॉटरडॅम निकषांवर होते: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीत दिसणारी अंडाशयाची ठेवण, यांपैकी कोणतेही दोन असले की पुरे, अर्थात तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार वगळल्यावर. एलएच आणि एफएसएच यांचे प्रमाण त्यात कुठेच येत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तर पहिली दोन लक्षणे स्पष्ट असतील, तर प्रौढ स्त्रीच्या निदानासाठी सोनोग्राफीचीही गरज नसते. माझी सोनोग्राफी अस्तराची जाडी पाहण्यासाठी होती, त्यामुळे ती वाया गेली असे म्हणणार नाही. मात्र पोटावरून होणाऱ्या तपासणीला मूत्राशय भरलेले लागते, आणि बाळंतपणाच्या तातडीच्या बायका साहजिकच आधी आत जातात. म्हणून घरून निघतानाच तांब्याभर पाणी पिऊ नये, आपल्या पुढे किती जणी आहेत ते विचारून मग बाटली उघडावी.

पाळी आणण्यासाठी मला प्रोजेस्टेरॉन जातीची गोळी दहा दिवस दिली, आणि ती थांबवल्यावर आठवड्याच्या आत अंगावरून गेले. गोळीपूर्वी गर्भधारणेची तपासणी करतात. अविवाहितांनी त्याचा अपमान वाटून घेऊ नये, ती सर्वांचीच होते. आमच्याकडे चतुर्थी किंवा जत्रा जवळ आली की पाळी पुढे ढकलणारी गोळी बायका औषधाच्या दुकानातून सर्रास आणतात. पाळी आणणारी गोळीही त्याच कुळातली आहे, हे ऐकून आई थोडा वेळ गप्पच बसली.

वजनाचे उत्तर रक्ताच्या अहवालात निघाले. उपाशीपोटीची साखर अगदी व्यवस्थित होती, पण ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर १४० च्या वर गेली होती, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. नुसती उपाशीपोटीची तपासणी करून आले असते, तर हे निसटले असते. मेटफॉर्मिन हे साखरेवरचे औषध ५०० मिलिग्रॅमपासून, रात्रीच्या जेवणासोबत सुरू झाले. सुरुवातीला पोट बिघडले, मग सवय झाली.

आहारतज्ज्ञांनी दिलेल्या छापील तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली होती. मी त्यांना सांगितले की आमच्या घरी उकड्या तांदळाची पेज आणि मासळी आहे, त्यावर बोला. तेव्हा त्या मनमोकळ्या हसल्या आणि बांगडा रव्यात तळण्याऐवजी हुमणात, म्हणजे कालवणात, घालावा, भाताची एक मूद कमी करून तिथे भाजी वाढावी, शाळा सुटल्यावरचा भाजीपाव बंद करावा, असे साधे बदल सुचवले. काटा का अडला, याचेही उत्तर त्यांच्याकडूनच मिळाले: हलक्या झालेल्या शरीराला कमी इंधन लागते, आणि आपण मात्र आधीच्याच मापाने जेवत राहतो. नुसत्या चालण्यावर न थांबता आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. आमच्या व्यायामशिक्षिकेने शाळेतले डंबेल्स काढून दिले. पुढे काटा बराच काळ हलला नाही, पण कमरेचा घेर कमी होत गेला, आणि मला त्याचा काट्यापेक्षा जास्त अभिमान आहे. आपल्याकडच्या बायकांचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे म्हणतात. मी अजून तिथे पोहोचलेले नाही. वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी पुष्कळदा पाळी सुधारते, असे डॉक्टर बाईंनी सांगितले होते. माझी आता चाळीस दिवसांच्या आसपास येते, आणि त्यांना तेवढे चालते.

एक गोष्ट वर खिडकीच्या रागात सांगायची राहिली. केस गळतात म्हणून अनेकजणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, तेव्हा रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि डॉक्टरांना तसे सांगावे. प्रोलॅक्टिनसाठी धावतपळत येऊन लगेच हात पुढे करू नये, थोडा वेळ शांत बसावे. आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी. पहिल्या खिडकीने परत दिलेला माझा मूळ कागद दुसऱ्या खिडकीने ठेवून घेतला होता.