लेकीची पाचवी

आज लेक बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरली ती रडतच, "आई, टीचरनी सायन्सचा प्रश्न इंग्लिशमध्ये विचारला, उत्तर येत होतं गं मला पण बोलताच नाही आलं." आपल्या गोव्यात कितीतरी मुलांचं हे असंच होतं, चौथीपर्यंत गावातली मराठी प्रायमरी, वर्गात मोजकी पोरं, एकच बाई सगळं शिकवणार, आणि पाचवीला डिचोलीच्या हायस्कूलात गेलं की एकदम सगळे विषय इंग्लिशमधून, पिरियडगणिक टीचर वेगळे, टाइमटेबल बघून दप्तर भरायचं. एवढ्याशा जिवाला खूप होतं हो हे!

मग पोटभर खाऊ घातलं आणि म्हटलं तो धडा आधी मला मराठीत सांग. मुळं पाणी कशी ओढतात, पानात अन्न कसं तयार होतं, सगळं झकास सांगितलं तिनं. मग तेच शब्द इंग्लिशमध्ये लिहून काढले दोघींनी, रूट, स्टेम, लीफ. येतंय तिला सगळं, भाषा तेवढी नवीन आहे. ट्यूशन लाव म्हणतायत सगळे पण इतक्यात नाही लावणार मी, भिजून दमून येते पोर. उद्या क्लास टीचरना भेटणार आहे, थोडे दिवस तिला मराठी-कोकणीत उत्तर देऊ द्या म्हणून सांगायला. तुमच्या मुलांच्या वेळी तुम्ही काय केलं होतं, सांगा ना.