तुम्ही विचारलंत म्हणून: आग आली की काय करता?

घरी फोन केला की हा प्रश्न ठरलेला. "आग येतेय असं कळल्यावर तुम्ही नेमकं काय करता हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मी छपरावर, हातात पाण्याची नळी, असा उभा असतो. खरं उत्तर अगदीच मिळमिळीत आहे. आग येतेय असं कळेल तेव्हा आम्ही घरात नसतो. नसायचं, असं ठरवलंय.

आम्ही ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या दक्षिणेला, बेटमन्स बेच्या जरा खाली राहतो. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे निलगिरीचं जंगल. आत-बाहेर करायला रस्ता एकच, तोही झाडीतून. ३१ डिसेंबर २०१९ला क्लाइड माउंटनची आग मोगो गावातली घरं-दुकानं जाळत किनाऱ्याला भिडली. आम्ही इथे नंतर आलो, पण शेजारच्या आजी त्या दिवशी मालुआ बेच्या वाळूवर ओलं लोकरी ब्लँकेट पांघरून कुत्र्याला धरून बसल्या होत्या. वीज गेली, मोबाईल गेले, महामार्ग बंद. पेट्रोलपंप विजेवर चालतो, हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा जाणवलं.

आग म्हणजे भिंतीसारखी चालून येणारी ज्वाळा, असं मलाही वाटायचं. पण घरं बहुतेक ठिणग्यांनी जातात. निलगिरीच्या सालीच्या जळत्या पट्ट्या वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे येऊन पडतात: पन्हळीतल्या पाचोळ्यात, डेकखाली, दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर. कधी मुख्य आग पुढे निघून गेल्यावर तासा-दोन तासांनी घर पेटतं.

राजापूरला आजोबा मृगाआधी पन्हळी साफ करायचे. मी तेच काम ऑगस्टमध्ये करतो, फक्त पावसासाठी नाही. फटींवर दोन मिलिमीटरची धातूची जाळी ठोकली, गॅस सिलिंडरच्या व्हॉल्व्हचं तोंड घरापासून उलटं फिरवलं, पाण्याचा विजेवरचा पंप काढून पेट्रोलवरचा घेतला. कोकणात काजूच्या बागेभोवती गवत काढून पट्टा मोकळा ठेवला की वणवा बऱ्याचदा तिथे अडतो. इथे पट्टा आखला तरी ठिणगी त्याच्या डोक्यावरून येते. त्यात आमचं घर चढावर. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हे कळल्यावर मी मागचं अंगण पुन्हा एकदा पाहिलं आणि लाकडाची मोळी तिथून हलवली.

एवढं करूनही घर राखायला थांबायचं नाही. पूर्वी इथला सल्लाच असा होता की तयारी असेल तर थांबा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ला व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ माणसं गेली, त्यातली पुष्कळ घरातच. त्यानंतर सल्ल्याचा सगळा भर निघण्यावर आला. उशिरा निघणं सर्वांत वाईट, कारण दुपारी वायव्येचा वारा फिरून दक्षिणेचा झाला की आगीची लांबलचक बाजू क्षणात तोंड बनते आणि तुम्ही भलत्याच रस्त्यावर सापडता.

म्हणून आमचा नियम धुराचा नाही, पाटीचा. रस्त्यावरच्या पाटीवर असते त्या आगधोक्याच्या श्रेणीत उद्यासाठी 'कॅटस्ट्रॉफिक', म्हणजे सर्वांत वरची पायरी, जाहीर झाली की आज संध्याकाळीच निघायचं. १९ सप्टेंबर २०२३ला तसं झालं, ऑक्टोबरही उजाडला नव्हता, इथला उन्हाळा तर डिसेंबरात! आदल्या संध्याकाळी कॅनबरा गाठलं. आमच्या वस्तीत काहीही झालं नाही. मोटेलचं बिल, चिडलेली मुलं, बुडालेलं काम. पुढच्या वेळी बायको म्हणाली, "दर वेळी जायलाच हवं का?" मलाही तेच वाटत होतं. खरी अडचण इथे आहे, पन्हळीत नाही. चारदा फुकट जाऊन आल्यावर पाचव्यांदा पाय उचलत नाही. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "फुकट कसं? घर आहे ना जागेवर?"

दाराशी एक पिशवी असते. कागदपत्रं, औषधं, सुती कपडे, सेलवरचा रेडिओ, रोख पैसे. सप्टेंबर ते मार्च देव्हाऱ्यातला बाळकृष्णही त्यातच. सकाळी पूजेपुरता बाहेर येतो, नैवेद्य झाला की परत आत. आई म्हणते, तुमचा देव सदा एसटीची वाट बघत बसलेला.