मार्चमधलं पालेर्मो: मुक्काम एकच, बेत आदल्या रात्री

पालेर्मोहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या चेफालू या समुद्रकाठच्या गावाच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊस तिरपा येत होता. गावाच्या पाठीशी ला रोक्का नावाचा उभा कडा आहे, साधारण २७० मीटर उंच. वर देवी डायानाचं म्हणून ओळखलं जाणारं प्राचीन देऊळ आहे, जुनी तटबंदी आहे आणि खाली सगळा समुद्र दिसतो. तो कडा चढायचा म्हणून आम्ही मायलेकी सकाळी लवकर निघालो होतो. पण पाऊस-वाऱ्यात ती वाट बंद ठेवतात. फाटकाला कुलूप होतं.

चूक पूर्णपणे माझी होती. पुण्यात बसून मी आठवड्याचा तक्ता केला होता आणि त्यात मंगळवारपुढे चेफालू लिहिलं होतं. म्हणून मंगळवारी चेफालू. सकाळी खिडकीतून आभाळाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. त्या रात्री तक्ता मिटून ठेवला आणि उरलेल्या दिवसांसाठी एकच नियम केला: उद्या कुठे जायचं ते आज रात्री हवामान बघून ठरवायचं. त्यानंतरचे चारही दिवस मनासारखे गेले. सिसिली या इटलीच्या बेटावर मार्चच्या सुरुवातीला जाणाऱ्यांना मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

या नियमाला पालेर्मो या सिसिलीच्या राजधानीइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. शहरातल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टी छपराखाली आहेत, त्यामुळे पावसाचा दिवस वाया जात नाही. बाहेरगावची तीन ठिकाणं, म्हणजे मोनरेआले, चेफालू आणि आग्रिजेंतो, साध्या बसने किंवा पॅसेंजरसारख्या प्रादेशिक रेल्वेने होतात. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढा की गाडी सुटायच्या आधी, पैसे तेवढेच. आधी बुकिंग करून काही वाचत नाही, उलट हात बांधले जातात. त्यामुळे सात रात्री एकाच घरी राहा आणि बॅगा एकदाच उघडा. आई ६६ वर्षांची आहे, तिला रोज सामान बांधायचा ताप झाला नाही हीच मोठी सोय होती.

आता मार्चच का. दिवसा पंधरा-सोळा अंश, रात्री दहाच्या आसपास. चालायला उत्तम हवा, पण समुद्रात उतरायचं म्हणाल तर पाणी फार गार. उन्हाळ्यात आग्रिजेंतोला, प्राचीन ग्रीक मंदिरांच्या दरीत दुपारी उभं राहवत नाही असं तिथलेच लोक सांगतात, आम्ही मात्र भर दुपारी दोन तास निवांत चाललो. तोटा एवढाच की पहिल्या आठवड्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर पुढे जातात. त्या दिवशी तुमची गाडी किंवा विमान असेल तर नीट लक्षात ठेवा.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा, म्हणजे बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. प्रवासाआधी पंधरा दिवस ही किमान मुदत आहे, तिच्या भरवशावर राहू नका. आम्ही डिसेंबरमध्येच कागद दिले. शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा सक्तीचा. मुक्कामाचं बुकिंग रद्द करता येण्याजोगं घ्या.

मुक्कामाबद्दल कळकळीने सांगते, घर गरम करायची सोय आहे का हे आधी लेखी विचारा. सिसिली म्हणजे ऊन असं आपल्या डोक्यात असतं, पण जुन्या शहरातल्या घरांच्या भिंती दगडी, जमीन फरशीची आणि छत उंच. बाहेर ऊन असताना आत गारठा. आमच्या पहिल्या जागेत एसी होता, पण त्यातून गरम हवा येत नव्हती. आईने पहिली रात्र स्वेटर आणि शाल घालून काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही घर बदललं. जागा क्वात्त्रो कांती हा मधला चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्या दरम्यान असावी, म्हणजे बाजार, चर्च आणि गाड्या सगळं पायी होतं.

पावसाचा पहिला दिवस राखून ठेवा तो नॉर्मन राजवाड्यासाठी, आणि त्यातल्या काप्पेल्ला पालातीना या राजाच्या खासगी चर्चसाठी. आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की तिथे पाय निघत नाही. पालेर्मो ८३१ मध्ये अरबांनी घेतलं, १०७२ मध्ये उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांनी. ११३० मध्ये रॉजर दुसरा राजा झाला. त्याने आधीच्या कारागिरांना हाकललं नाही. ११४० च्या या चर्चमध्ये भिंतींवर ग्रीक परंपरेतलं सोन्याच्या तुकड्यांचं मोझॅक आहे, आखणी लॅटिन चर्चची आणि वर लाकडी छत थेट अरबी धाटणीचं, मधाच्या पोळ्यासारख्या कोनाड्या-कोनाड्यांचं. त्या कोनाड्यांत वाद्यं वाजवणारे, पेले हातात घेऊन बसलेले आणि बुद्धिबळ खेळणारे लोक रंगवलेले आहेत. कडेने अरबी अक्षरं. हे सगळं एका ख्रिस्ती राजाच्या देवघरात. त्याच राजाच्या दरबारात अल इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाने ११५४ मध्ये जगाचा नकाशा पूर्ण केला होता.

छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या. छत उंचावर आहे आणि नुसत्या डोळ्यांना फक्त नक्षी दिसते, माणसं दिसत नाहीत. आईच्या पक्षी बघायच्या दुर्बिणीतून आम्ही आळीपाळीने पाऊण तास बघत होतो. याच राजवाड्यात आज सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे कामकाजाच्या दिवसांत राजाच्या खोल्या बंद असतात. शुक्रवार ते सोमवार गेलात तर त्या बघता येतात, मात्र रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा चर्चमध्ये जाता येत नाही. शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार, आणि उघडताच पहिल्या अर्ध्या तासात. नंतर शाळांच्या सहली येतात.

पाऊस थांबला नाही तर तिथून कॅथेड्रल आणि मग मार्तोराना चर्च. कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या दारापाशी एका खांबावर कुराणातल्या ओळी कोरलेल्या आहेत. तो खांब डावीकडे आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता आत जातात. लहान चर्च दुपारी बंद होतात, म्हणून बघायचं ते एकच्या आत बघा आणि मग जेवायला बसा.

जेवणाचं सविस्तर सांगायलाच हवं, कारण निघण्याआधी आईची सगळी काळजी तीच होती. ती शुद्ध शाकाहारी आहे. बालारोच्या बाजारात शिरलो आणि एका गाडीपाशी ती थबकली. माणूस पितळी रंगाचा मऊ गोळा फळीवर पातळ थापत होता. ‘अगं, हे सुरळीच्या वडीचं पीठ आहे!’ ती म्हणाली, आणि खरंच होतं. पानेल्ले म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाणी-मीठ घालून शिजवायचं, भांड्याची कड सुटेपर्यंत ढवळायचं, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली घालून पातळ पसरायचं, गार झालं की कापून तळायचं. आपण गुंडाळून फोडणी देतो, ते तळून तीळ लावलेल्या पावात घालतात आणि वरून लिंबू पिळतात. ताक आणि हिंग नाही, एवढाच फरक. आईने दोन पाव खाल्ले आणि तिसरा घरी बांधून घेतला.

पण शाकाहारी लोकांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. आरांचीना हा भाताचा तळलेला गोळा ‘अल बुर्रो’, म्हणजे लोण्याचा म्हणून मिळतो, त्यात बहुतेक वेळा हॅम असतं. पालकाचा मागा. स्फिंचोने हा जाड पिझ्झा वरून निव्वळ कांदा-टोमॅटोचा दिसतो, पण त्यात आन्चोव्ही मासा असतो. पालेर्मोत ‘ब्रोक्कोली’ म्हटलं की फ्लॉवर येतो, त्याची मनुका आणि केशर घातलेली पास्ता छानच लागते, मात्र तिच्यातही मासा असतोच, तो वगळून करून द्यायला सांगावं लागतं. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, मांस नको, मासा नको, हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. बिनधोक म्हणजे कापोनाता: वांगी, सेलरी, ऑलिव्ह यांची आंबटगोड भाजी, व्हिनेगर आणि साखर घालून केलेली. आपल्या चिंच-गुळाच्या जिभेला ती पहिल्या घासाला पटते. शिवाय मार्च हा लालबुंद गराच्या संत्र्यांचा आणि आर्टिचोकचा हंगाम. संत्री, बडीशेपेचा ताजा कंद आणि ऑलिव्ह तेल यांची कोशिंबीर रोज खाल्ली.

गोडाचं एकच सांगते. कान्नोलो आधीच भरून ठेवलेला घेऊ नका, समोर भरून देतात तिथेच खा, नाहीतर नळी मऊ पडते. सांता कातेरिना मठात पालेर्मोच्या मठांतल्या जुन्या पाककृतींची मिठाई विकतात, तिथल्या अंगणात संत्र्याच्या झाडांखाली बसून खाता येते. आणि कासाता! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत यायचं त्या तीनरंगी आइस्क्रीमचं हे मूळ नाव, पण इथे तो रिकोटा चीज आणि बदामाच्या हिरव्या लेपाचा केक आहे. फार गोड असतो, दोघींत एक तुकडा पुरतो.

मोनरेआलेला अर्धा दिवस पुरे. पियात्सा इन्दिपेन्देन्त्सा या चौकातून ३८९ नंबरची बस वर जाते. शहर बसचं तिकीट तबाकी म्हणजे तंबाखूच्या दुकानात आधी घ्या, मोठ्या टी अक्षराची पाटी असते, आणि बसमध्ये चढताच ते यंत्रात शिक्का मारून घ्या. रेल्वेच्या कागदी तिकिटाचंही तसंच, फलाटावरच्या यंत्रात घालायचं. विल्यम दुसरा या राजाने ११७४ मध्ये सुरू केलेल्या त्या कॅथेड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझॅक आहे. ढगाळ दिवशी जाऊ नका, सोनं उन्हानेच पेटतं. शेजारच्या मठाच्या अंगणात २२८ खांब आहेत, जोडी-जोडीने, आणि प्रत्येक माथ्यावरचं कोरीवकाम वेगळं. आई एकेक जोडी बघत पूर्ण चौकोन फिरली. मी अर्ध्यात बसले.

सगळ्यात चांगल्या हवेचा दिवस मात्र आग्रिजेंतोसाठी ठेवा. पालेर्मोहून रेल्वेने दोन तास. स्टेशनवरून टॅक्सी करून थेट वरच्या, जुनोच्या मंदिराच्या दाराशी उतरा आणि तिथून खाली पश्चिमेकडे चालत या, म्हणजे चढ लागत नाही. परतीला खालच्या दारापासून शहर बस मिळते. नाव ‘मंदिरांची दरी’ असलं तरी मंदिरं एका धारेवर आहेत, एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. दरीत बदामाची झाडं आहेत. फुलांचा खरा भर फेब्रुवारीत असतो. आम्हाला झाडांवर कोवळी पानं जास्त आणि फुलं थोडी मिळाली, तरी वाऱ्यावर पाकळ्या येत होत्या.

कोन्कॉर्डियाचं मंदिर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. समोर सहा खांब, बाजूला तेरा, छप्पर सोडलं तर जवळजवळ सगळं उभं. ते टिकलं कारण सहाव्या शतकाच्या शेवटी त्याचं चर्च केलं गेलं. आत डोकावलं तर गाभाऱ्याच्या दोन्ही भिंतींत चर्चसाठी कापलेल्या कमानी आजही दिसतात. जवळ जाऊन दगड बघा, त्यात शिंपल्यांचे तुकडे अडकलेले आहेत. मूळचा पांढरा गिलावा कधीच गेला आणि आतला मधाळ रंगाचा दगड उघडा पडला. चारच्या उन्हात तो रंग इतका गडद होत गेला की आम्ही ठरवलेली गाडी सोडून पुढची घेतली. म्हणून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून ठेवा. रविवारी गाड्या बऱ्याच कमी असतात. पाणी आणि खायला बरोबर न्या.

चेफालूला आम्ही शेवटच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो, आदल्या रात्री आभाळ निरभ्र असेल असं बघूनच. गाडीला तासाहून थोडा कमी वेळ लागतो. जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. यावेळी फाटक उघडं होतं. बूट रबरी तळाचे हवेत, दगड घासून गुळगुळीत झालेत. आई अर्ध्या वाटेवरच्या तटबंदीपर्यंत आली आणि तिथे बसली, मी वर जाऊन आले. खाली गावात जुना सार्वजनिक धोबीघाट आहे, दगडी पायऱ्या उतरून जायचं, भिंतीतल्या तोट्यांतून डोंगराचं पाणी येतं. कोकणातल्या आजोळच्या विहिरीपाशी जसे धुण्याचे दगड होते तसेच इथे उतरते दगड, वापरून वापरून मधोमध खोलगट झालेले. आईने एकावर तळवा टेकला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. परत जाताना टॅक्सीऐवजी रेल्वेने जा, तासाभराने पोहोचते, पण पहाटेचं विमान असेल तर गाडी आहे ना ते आधी बघा. या विमानतळाला १९९२ मध्ये माफियाने मारलेल्या फाल्कोने आणि बोर्सेलीनो या दोन न्यायाधीशांचं नाव आहे. फाल्कोने विमानतळावरून शहरात येत असताना कापाचीजवळ महामार्गच उडवून दिला गेला. रेल्वे कापाचीवरून जाते. त्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा आईने सोलत असलेलं संत्रं हातात तसंच धरून ठेवलं, गाडी सुटेपर्यंत.