तुम्ही विचारलंत म्हणून: ऑसिलेटर बदलू का?

“सीक्वेन्सर (ठरवलेले स्वर क्रमाने वाजवायला लावणारं यंत्र) जोडला की खालचं सप्तक सुरात वाजतं, पण वर जावं तसा सूर उतरत जातो. ऑसिलेटर खराब आहे का?” घरी ॲनालॉग सिंथ (सिंथेसायझर) बनवणारे मला हे हमखास विचारतात. ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारं सर्किट, राहू द्या, आधी मल्टीमीटर काढा.

सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांनी 1960च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत कंट्रोल व्होल्टेज (ऑसिलेटरला सूर सांगणारं व्होल्टेज) 1 व्होल्टने वाढलं की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे एका सेमीटोनच्या वाट्याला 83.3 मिलिव्होल्ट येतात आणि सेमीटोनचा शंभरावा भाग, म्हणजे एक सेंट, 0.83 मिलिव्होल्टचा. दिवा पेटवायच्या सर्किटमध्ये दहा मिलिव्होल्टकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. इथे तेवढ्यानं बेसूर होतं.

हे दहा मिलिव्होल्ट बहुतेकदा सीक्वेन्सरच्या आउटपुटच्या जॅकपाशीच गळतात. शॉर्ट झालं तरी ऑप-अँप (व्होल्टेज बाहेर देणारी ॲम्प्लिफायर चिप) शाबूत राहावा म्हणून तिथे 1 किलोओहमचा रेझिस्टर घालतात. पुढच्या मॉड्यूलचं, म्हणजे इथे ऑसिलेटरचं, इनपुट साधारण 100 किलोओहमचं. दोघांचा मिळून व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणारी जोडी) होतो आणि 1 व्होल्टमधले 990 मिलिव्होल्टच पोचतात. दर सप्तकाला 12 सेंट गेले. चार सप्तकं चढलात की 47, जवळजवळ अर्धा सेमीटोन! त्यात साध्या मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक केबलींना वाटणाऱ्या जोडणीतून) तेच व्होल्टेज तीन ऑसिलेटरांना वाटलंत, तर दर सप्तकाला 35 सेंटचा फटका.

ऑसिलेटरचा ट्रिमर (सूर जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवून हे झाकता येतं, आणि बरेच जण तेच करतात. मग दुसरी केबल खोचली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खरा इलाज स्वस्तातला आहे. ऑप-अँपचा फीडबॅक रेझिस्टर आउटपुट पिनला जोडलेला असतो. तिथला ट्रॅक कापा आणि त्याचं ते टोक 1 किलोओहमच्या पलीकडे, जॅकच्या बाजूला डाग देऊन जोडा. आता ऑप-अँप जॅकवरचंच व्होल्टेज बघतो आणि तूट स्वतः भरून काढतो. लांब केबलमुळे तो स्वतःच शिट्टी मारू नये म्हणून आउटपुट पिनपासून इनव्हर्टिंग इनपुटपर्यंत काही पिकोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. हा विसरू नका.

सूर उंचीनुसार न घसरता वेळेनुसार सरकत असेल, तर दुखणं वेगळं. ऑसिलेटरमधल्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरमध्ये (दर व्होल्टला करंट दुप्पट करणाऱ्या भागात) ट्रान्झिस्टरच्या बेसवर सुमारे 18 मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट होतो, आणि हा आकडा तापमानाच्या दर अंशाला 0.33 टक्क्यांनी बदलतो. जुळणारे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवा, त्यांना टेकवून टेम्पको रेझिस्टर (तापमानानुसार बदलून ही चूक भरून काढणारा) बसवा.

आणि समोर कोर्ग एमएस-20 हा सिंथ असेल, तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेवा. त्याचा हिशेब हर्ट्झ प्रति व्होल्टचा: व्होल्टेज दुप्पट झालं की सप्तक. त्याला मधे एका पद्धतीचं व्होल्टेज दुसरीत बदलणारा कन्व्हर्टरच लागतो.