आनुवंशिकता ८९ टक्के, तरी निवड फळत का नाही?

भाताच्या वाणांची तुलना करणाऱ्या प्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: 'या गुणाची आनुवंशिकता जास्त आहे, म्हणून निवड परिणामकारक ठरेल.' हे अर्धंच खरं आहे. दिसणाऱ्या फरकातला किती वाटा जनुकांचा, एवढंच आनुवंशिकता सांगते. मुळात फरक किती आहे, ते ती सांगत नाही.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत: २० वाण, ३ पुनरावृत्त्या, आरबीडी आराखडा (प्रत्येक पुनरावृत्तीत सगळे वाण एकेकदा, क्रम चिठ्ठ्या टाकून). ५० टक्के फुलोऱ्याचे (निम्मी झाडं फुलायला लागणारे) सरासरी दिवस १००. विचरण म्हणजे आकड्यांतल्या फरकाचं माप; त्याच्या तक्त्यात वाणांचा मध्यम वर्ग (मीन स्क्वेअर) ७५ आणि त्रुटीचा, म्हणजे वाणाशी संबंध नसलेल्या फरकाचा, ३. जनुकीय विचरण म्हणजे (७५ − ३) ÷ ३ = २४. त्यात त्रुटीचे ३ मिळवले की दृश्य विचरण २७. आनुवंशिकता २४ ÷ २७, म्हणजे ८९ टक्के. पण जीसीव्ही (जनुकीय फरक सरासरीच्या किती टक्के), म्हणजे २४ चं वर्गमूळ भागिले सरासरी, फक्त ४.९ टक्के. उत्तम ५ टक्के झाडं निवडायची तर स्थिरांक २.०६ धरतात. २.०६ × ५.२ (२७ चं वर्गमूळ) × ०.८९ केलं की अपेक्षित प्रगती, म्हणजे निवडीमुळे पुढच्या पिढीच्या सरासरीत पडणारा फरक, साधारण ९.५ दिवस, सरासरीच्या साडेनऊ टक्के. जॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या १९५५ च्या वर्गवारीत १० टक्क्यांखालची प्रगती 'कमी' धरतात.

आता प्रति झाड दाण्याचं उत्पादन घ्या. सरासरी २० ग्रॅम, मध्यम वर्ग वाणांचा ६४ आणि त्रुटीचा १०. जनुकीय विचरण १८, दृश्य २८, आनुवंशिकता ६४ टक्के, म्हणजे फुलोऱ्यापेक्षा बरीच कमी. पण जीसीव्ही २१, पीसीव्ही (तेच माप, पण दृश्य विचरणावरून) २६.५ आणि प्रगती ७ ग्रॅम, सरासरीच्या ३५ टक्के! निवडीला वाव इथे आहे. जीसीव्ही, आनुवंशिकता आणि टक्केवारीतली प्रगती हे तिन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय निष्कर्ष लिहूच नये.

आणखी एक गफलत वारंवार दिसते. वरची ६४ टक्के आनुवंशिकता एका प्लॉटच्या पायावर आहे. वाणाच्या सरासरीच्या पायावर त्रुटीला ३ ने भागतात: १८ ÷ (१८ + ३.३३), म्हणजे ८४ टक्के. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एकाचा ६४ आणि दुसऱ्याचा ८४ शेजारी ठेवून 'आमच्याकडे आनुवंशिकता जास्त आली' म्हणणं चूक. कोणता पाया घेतला ते तक्त्याखाली लिहा. जनुकीय विचरण उणे आलं तर ते शून्य धरा आणि प्रयोग कुठे बिघडला ते शोधा.

बिघडतो तो बहुतेक वेळा खाचरात. कोल्हापूरच्या पश्चिम भागात उतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं असतात. वरच्या खाचरात पाणी लवकर ओसरतं, खालच्यात साचून राहतं. एक पुनरावृत्ती दोन पायऱ्यांत विभागली की तो फरक त्रुटीत शिरतो आणि वाणांच्या माथीही बसतो. म्हणून शक्यतो एक पुनरावृत्ती एकाच खाचरात बसवा. लावण २० × १५ सेंमी अंतरावर, चुडात (लावणीच्या एका जागी) एकच रोप, रोपांचं वय सगळ्यांचं सारखं. चूड मेला तर आठवड्याच्या आत त्याच वाणाच्या रोपाने सांधा, कारण रिकाम्या जागेशेजारचा चूड जास्त फुटवे काढतो. बांधालगतच्या ओळी सोडून मधली ५ ते १० झाडं आधीच खुणा करून ठेवा. कापणीच्या वेळी नजर नेमकी भरलेल्या लोंबीवर जाते आणि सरासरी फुगते. वजन १४ टक्के ओलाव्यावर आणा: वजन × (१०० − ओलावा) ÷ ८६. २० टक्के ओलाव्याचे २० ग्रॅम प्रत्यक्षात १८.६ भरतात. पळींज (न भरलेले, पोकळ दाणे) वेगळी मोजा, दाण्यांत मिसळू नका.

हे सगळं नीट केलं, तरी एका ठिकाणच्या एका खरिपातली आनुवंशिकता फुगलेलीच असते. वाण आणि हवामान यांचा परस्पर परिणाम जनुकीय विचरणात लपून बसतो. गगनबावड्यात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात, शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतकी तफावत असताना एका शेतावरचा आकडा जिल्ह्याला लावता येत नाही. किमान दोन ठिकाणं आणि दोन हंगाम हवेतच.

आजरा घनसाळसारख्या उंच, लोळणाऱ्या सुवासिक वाणावर ठेंगणेपणा आणायचा असेल, तर कोणता गुण कोणत्या पिढीत निवडायचा हे याच विचाराने ठरतं. आयआर ८ या ठेंगण्या वाणातला ठेंगणेपणा एका अप्रभावी जनुकाचा. एफ २ मध्ये, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीत, उंच आणि ठेंगणी झाडं ३:१ पडतात, आणि ठेंगणं झाड पुढे ठेंगणंच राहतं. अंबेमोहर १५७ आणि आयआर ८ च्या संकरातून इंद्रायणी मिळाली, तेव्हा ही वाट महाराष्ट्रात चाललेली आहे. सुवासही मुख्यतः एका अप्रभावी जनुकावर असतो: २ ग्रॅम पान बारीक कापून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलि द्रावणात झाकून ठेवा, १० मिनिटांनी वास घ्या. ही दोन्ही निवड एफ २ मध्येच होते. उत्पादनावर मात्र एफ २ चं एकेकटं झाड निवडू नका. तिथे प्रभावी जनुकांचा वाटा मिसळलेला असतो आणि त्या झाडाची पुनरावृत्तीही नसते. उत्पादनाची निवड एफ ५ च्या आसपास, ओळी स्थिरावल्यावर, पुनरावृत्तीच्या चाचणीत, आजरा आणि गगनबावडा अशा दोन्ही ठिकाणी करा.