जुन्या एमटीबीची लांबच्या प्रवासाची सायकल करताना : सोलापूरचा बाजार आणि तुळजापूरचा घाट

सोलापुरात जुन्या एमटीबीला (म्हणजे माउंटन बाइकला, जाड टायरच्या गिअरच्या सायकलीला) वापरलेले सुटे भाग जोडून लांबच्या प्रवासाला चालेल अशी सायकल उभी करता येते आणि ती स्वस्तातही पडते. परंतु ‘सव्वीसचं चाक’ एवढ्याच शब्दांवर विसंबून कोणी मागचे चाक विकत घेणार असेल, तर त्याने आधी पुढील मजकूर वाचावा. तुळजापूरच्या घाटात उतरताना मला जे भोगावे लागले ते ३१ मिलिमीटरच्या फरकामुळे, आणि ब्रेकचे रबर ज्या रीतीने ओढूनताणून बसवलेले होते ते पाहता तो फरक विकणाऱ्याला ठाऊक होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

वाचणाऱ्याला पंक्चर काढता येते, चेन तोडून जोडता येते आणि उन्हात दिवसाला ६०-७० किलोमीटर जाण्याची सवय आहे, असे मी गृहीत धरतो. सायकल म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांत घरोघरी आलेली देशी बनावटीची पोलादी एमटीबी : पुढे २८, ३८ आणि ४८ दात्यांचा क्रँक (पायडलकडची दातेरी चाके), मागे आट्यांवर बसणारे ७ गिअरचे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या दातेरी चाकांचा गठ्ठा), व्ही-ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ब्रेक) आणि पुढे गंजून आखडलेला शॉकअप. अशा सायकलीचे वजन १६ ते १८ किलो भरते, त्याचे फारसे वाईट वाटून घेऊ नये. पोलादी फ्रेमवर कोणताही चांगला वेल्डर काम करू शकतो, आणि सामान लादायच्या सायकलीत ही सोय हलकेपणापेक्षा मोलाची आहे. खिशात चुंबक ठेवावे. जिथे ते चिकटत नाही ती फ्रेम अलॉयची असते आणि तिच्यावर गल्लीतल्या वेल्डरला हात लावू देऊ नये.

सुटे भाग शोधण्याची लोकांनी मला सांगितलेली पद्धत, म्हणजे दुकानादुकानांतून ‘जुना क्रँक आहे का, जुना डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आहे का’ असे विचारत फिरणे, ही वेळ आणि पैसे दोन्ही घालवणारी आहे. सायकल दुकानदार जुना भाग नगावर विकतो आणि गिऱ्हाइकाची गरज पाहून भाव सांगतो; भंगारवाला मात्र तीच सायकल वजनावर विकतो. म्हणून एकेक भाग शोधण्यापेक्षा आपल्याच मापाची दुसरी अख्खी सायकल घ्यावी आणि तिचे भाग काढून वापरावेत. मुले शिकायला पुण्याला गेली की होटगी रोड, विजापूर रोड या भागांतील अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये अशा सायकली वर्षानुवर्षे धूळ खात पडतात, आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारले तर मालकाचा पत्ता लागतो. मला अशी एक सायकल १,२०० रुपयांत मिळाली. तिच्यातून शॉकअप नसलेला साधा पोलादी फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), सरळ हँडल, ब्रेकचे दोन चांगले लिव्हर आणि सीटची नळी निघाली. हेच चार भाग दुकानांत वेगवेगळे विचारले असता बेरीज यापेक्षा बरीच वर जात होती.

हे भाग मापाने घ्यावेत, नजरेने घेऊ नयेत. फोर्कच्या वरच्या नळीचा बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर आहे की २८.६, तिची लांबी आपल्या फ्रेमच्या पुढच्या नळीला पुरते का आणि तिच्यावर आटे आहेत का, हे व्हर्निअर लावूनच ठरवावे. ब्रेक लिव्हर व्ही-ब्रेकचेच हवेत, कारण जुन्या कॅन्टिलिव्हर ब्रेकचे लिव्हर कमी केबल ओढतात आणि व्ही-ब्रेकला लावले की रबर पुरेसे आत येत नाही. क्रँकच्या बाबतीत दाते झिजून शार्कच्या पंखासारखे कललेले नाहीत, एवढे पाहावे. वापरलेली चेन फुकट मिळाली तरी घेऊ नये. स्टीलच्या पट्टीने पिनेच्या मध्यापासून २४ जोड मोजले की नव्या चेनीत बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढले की चेन बदलायची वेळ झालेली असते आणि १/८ इंच वाढले की तिने मागचे दातेही खाल्लेले असतात. काळ्या घोडासायकलीची (बिनगिअरच्या जुन्या धाटणीच्या सायकलीची) जाड चेन गिअरच्या सायकलीला चालत नाही, हे येथे मुद्दाम लिहावे लागते, कारण मला ती ‘हेवी ड्यूटी’ म्हणून दोन ठिकाणी दाखवण्यात आली. पायडल बदलताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि अशा फ्रेममध्ये क्रँकच्या उजव्या बाजूच्या वाटीचेही. हातोडी आणि छिन्नी घेऊन जोर लावणारा कारागीर दिसला तर सायकल त्याच्या हातून काढून घ्यावी.

आता मागच्या चाकाविषयी.

आट्यांवर बसणाऱ्या ७ गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आत, फ्रेमपासून बरेच दूर असतात. त्यामुळे त्या बाजूचा अ‍ॅक्सल (हबमधून जाणारा दांडा) आधाराविना लांब राहतो आणि सामानाचे वजन पडले की वाकतो किंवा तुटतो. माझ्या मूळ चाकाचा अ‍ॅक्सल वाकलेला होता. चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवला की टोक डगमगते का ते दिसते, आणि वापरलेले कोणतेही मागचे चाक घेण्यापूर्वी ही परीक्षा करावी. रिमही ब्रेकने घासून आत दबलेली होती. शहराच्या मध्यवर्ती भागातील एका दुकानात मी सायकलच घेऊन गेलो, पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या) लावून घाटातून जाणार असल्याचे सांगितले आणि मागचे चाक नव्याने बांधायला दिले. दुकानदाराने माझ्याच हबमध्ये नवा अ‍ॅक्सल घातला, एक वापरलेली रिम ‘इम्पोर्टेड’ म्हणून बांधली, तिच्यावर त्याच्याकडचाच टायर चढवला आणि रिमचे ९००, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढण्याचे ३०० आणि टायरचे वेगळे असे पैसे घेतले. मागच्या ब्रेकचे रबर इतके वर का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “सव्वीस म्हंजे सव्वीसच ओ साहेब, बसतंय की!”

सव्वीस म्हणजे सव्वीसच नव्हे. एमटीबीचा २६ × १.७५ किंवा २६ × १.९५ टायर ज्या रिमवर बसतो, तिचा टायर टेकण्याच्या जागेचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. लेडीज सायकलींना सर्रास असणारा २६ × १-३/८ टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो. दोघांनाही बाजारात सव्वीसच म्हणतात. दशांशात छापलेले माप आणि अपूर्णांकात छापलेले माप ही दोन वेगळी मापे आहेत, त्यांची अदलाबदल होत नाही, एवढे एक सूत्र पाठ केले तरी पुष्कळ पैसे वाचतील. टायरच्या कडेला ४७-५५९ किंवा ३७-५९० अशी जोडी उठावात छापलेली असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा, आणि दुसऱ्या आकड्यावर तडजोड नाही. माझ्या चाकावरील टायरची कड झिजून गुळगुळीत झालेली होती आणि आकडा वाचता येत नव्हता. असा टायर कोणी देऊ लागला तर तो नाकारावा आणि रिम उघडी करून मोजायला लावावी.

५९० ची रिम ५५९ च्या फ्रेममध्ये फिरते, आणि घात तिथेच होतो. तिची कड मधल्या अ‍ॅक्सलपासून १५.५ मिलिमीटर जास्त दूर जाते. ब्रेकचे हात मात्र फ्रेमवरच्या ठरलेल्या खुंट्यांवरच असतात, म्हणून रबर खाचेत अगदी वर सरकवले तरी त्याचा जेमतेम वरचा भाग रिमला लागतो आणि उरलेला खाली, स्पोकच्या बाजूला लोंबत राहतो. सपाट रस्त्यावर असा ब्रेक लागतोसुद्धा. सोलापूरहून तामलवाडीमार्गे तुळजापूरपर्यंतच्या साधारण ४५ किलोमीटरांत तो इतका थोडा लावावा लागला की मला काहीच जाणवले नाही. चढ मी २८-२८ च्या (पुढे २८ आणि मागे २८ दात्यांच्या) गिअरवर कसाबसा चढलो.

परतीच्या उतारावर, दोन्ही पॅनियर भरलेले असताना आणि मागे ट्रकचा हॉर्न वाजत असताना, डावीकडचे रबर घासून आणि दाबाने रिमच्या खाली निसटले आणि थेट स्पोकमध्ये गेले. तीन स्पोक एकामागून एक तुटले, चाक जागेवर अडकले आणि सायकल रस्त्याच्या कडेच्या खडीत घसरत गेली. पुढचा ब्रेक चांगला होता आणि त्या वेळी मागून आलेला ट्रक बाजूला घेण्याइतका त्याचा चालक सावध होता, एवढ्यावर मी वाचलो. सायकल टेम्पोत घालून सोलापूरला आणली. दुकानदाराने रिम परत घेतली नाहीच. “घाटात कशाला नेली साहेब, ही गावात चालवायची सायकल,” असे म्हणून स्पोक बदलण्याचे आणि पुन्हा आऊट काढण्याचे पैसे मागितले. मी ते दिले नाहीत आणि हब काढून घेऊन बाहेर पडलो. माझा निर्वाळा स्पष्ट आहे : मागच्या चाकात वापरलेली रिम, वापरलेले स्पोक आणि वापरलेला अ‍ॅक्सल यांपैकी काहीही घेऊ नये. बाकी सर्व सायकल जुनी चालेल.

यानंतर ज्याने काम केले तो सायकलवाला नव्हता. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, मागाचे बुश आणि शाफ्ट करून देणारे लेथवाले आहेत, आणि मापाच्या बाबतीत त्यांची बरोबरी एकाही सायकल दुकानात मला आढळली नाही. मी ज्यांच्याकडे गेलो त्या वयस्कर तेलुगूभाषक टर्नरांना तिथे सर्व जण अण्णा म्हणतात. फ्रेममधील मागची जागा १३५ मिलिमीटर आणि माझा हब १३० चा होता. आधीच्या दुकानात फ्रेम नटाने आवळून दाबली गेली होती. अण्णांनी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटरचे बुश करून दिले आणि नवा अ‍ॅक्सल सरळ आहे का ते लेथवर फिरवून दाखवले. या सगळ्याचे त्यांनी १५० रुपये घेतले. ५५९ ची दुहेरी भिंतीची नवी अलॉय रिम ७५० रुपयांना मिळाली, म्हणजे त्या ‘इम्पोर्टेड’ जुन्या रिमपेक्षा स्वस्त. रिम घेताना भोके मोजावीत : माझ्या हबला ३६ आहेत, आणि घोडासायकलीच्या जुन्या धाटणीच्या रिमला पुढे ३२ व मागे ४० असतात, त्या येथे निरुपयोगी. जुने चाक सोडवायचे असेल तर फ्रीव्हील आधी उतरवावे. स्पोक कापल्यावर हब धरायला काहीच उरत नाही आणि मग ते निघत नाही.

फ्रीव्हीलही त्याच वेळी बदलले. १४ ते ३४ दात्यांचे ७ गिअरचे फ्रीव्हील आट्यांवर तसेच बसते. त्यात २४ नंतर एकदम ३४ येतो, ही उडी सपाटीवर खटकत नाही आणि चढावर हवीच असते. एमटीबीचे चाक एका फेरीत सुमारे २.०५ मीटर जाते, म्हणजे २८-२८ वर पायडलच्या एका फेरीत तेवढेच अंतर. २८-३४ वर ते १.६९ मीटर होते आणि मिनिटाला ५० फेऱ्यांनी ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने बसल्या बसल्या चढ चढता येतो. मागचा डिरेलर ३४ दाते पेलणारा आहे ना, एवढे पाहावे. जुने आखूड डिरेलर पेलत नाहीत. त्याच घाटात भरल्या पॅनियरसह मी दुसऱ्यांदा न उतरता वर गेलो, तेव्हा झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही, आणि त्या आनंदाच्या भरात सांगतो की या एका भागावर पैसे वाचवू नयेत.

कॅरिअरसाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही. घोडासायकलीचे सळईचे कॅरिअर मजबूत असते, मात्र एमटीबीचा मागचा भाग आखूड असल्यामुळे पॅनियरला टाच लागते. २५ × ३ मिलिमीटरच्या पट्टीचे दोन तुकडे करून मी कॅरिअर ३० मिलिमीटर मागे सरकवले. त्याहून मागे नेऊ नये, नाहीतर वजन अ‍ॅक्सलच्या मागे जाऊन चढावर पुढचे चाक हलके होते. फ्रेमला खाली भोक नसेल तर रबर लावलेले पाइपचे क्लॅम्प चालतात.

तयार सायकलीवर तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट आणि परत सोलापूर असा फेरा झाला. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल सुंदर आहे, मुक्काम सोयीचे झाले, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. पंक्चर मात्र सांगायला हवीत. रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात आणि ते गुळगुळीत टायरमधून सरळ आत जातात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची चिरलेली पट्टी घातल्यावर त्रास बराच कमी झाला.

ऊस गाळपाच्या हंगामात अक्कलकोट रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, त्यामुळे अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर राहू नये. कोजागिरीच्या आधीचे काही दिवस सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो. त्या गर्दीत सायकल घालणे अयोग्य आहे. लेथचे काम जानेवारीत, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत, काढू नये, आणि इतर वेळीही सकाळी लवकर जावे, कारण दुपारनंतर मागाचे तातडीचे काम आले की सायकलचा बुश दुसऱ्या दिवसावर जातो.